तंबाखूवरचे कायदे आणि कर (भारत)

तंबाखूवरचे कायदे आणि कर म्हणजे तंबाखू बनवणं, विकणं, त्याची जाहिरात करणं, चारचौघांत ओढणं यावर सरकारने घातलेली बंधनं आणि त्यातून गोळा होणारा महसूल. भारतात याचा मुख्य कायदा २००३ चा, ज्याला सगळे कोटपा म्हणतात (सिगारेट आणि इतर तंबाखू उत्पादनांचा कायदा, त्याच्या इंग्रजी नावातली आद्याक्षरं). त्याच्या जोडीला २००६ चा अन्नसुरक्षा कायदा (गुटखाबंदी याच्यावर उभी आहे), २०१९ ची ई-सिगारेट बंदी, आणि करांमध्ये जीएसटी, केंद्रीय उत्पादन शुल्क (म्हणजेच अबकारी) आणि वेगवेगळे सेस, म्हणजे ठरावीक कामासाठी घेतलेले जादा कर.

हे सगळं समजून घ्यायचं तर आधी हे लक्षात घ्यायला हवं की भारतातला तंबाखू ओढला जातो त्यापेक्षा कितीतरी जास्त तोंडात धरला जातो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात देशातले २८.६ टक्के प्रौढ कुठला ना कुठला तंबाखू वापरत होते, त्यात सिगारेटवाले फक्त ४ टक्के, बिडीवाले ७.७ टक्के आणि खाणारे, चघळणारे, दातांना लावणारे २१.४ टक्के. महाराष्ट्रात तर ओढणारे ३.८ टक्के आणि बिनधुराचा तंबाखू वापरणारे २४.४ टक्के निघाले. म्हणजे चुना-तंबाखू मळणारे, मशेरी लावणारे, गुटखा-मावा-खर्रा खाणारे हेच इथले खरे ग्राहक. पण कायद्याची आणि कराची सगळ्यात घट्ट पकड आहे ती सिगारेटवर, कारण ती मोजक्या मोठ्या कारखान्यांत बनते आणि कारखान्याच्या गेटवर मोजता येते. भारतातल्या तंबाखू नियंत्रणाची बरीचशी दुखणी इथूनच सुरू होतात.

सुरुवात महसुलापासून

आरोग्य वगैरे विषय खूप नंतर आला. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारला पैसा हवा होता, म्हणून १९४३ मध्ये तंबाखूवर अबकारी कर बसला, आणि पुढच्याच वर्षी केंद्रीय अबकारी आणि मिठाचा एकत्र कायदा आला. हा कर नुसत्या कच्च्या तंबाखूवरही होता, त्यामुळे शेतकरी आणि व्यापारी दोघांच्याही मागे परवाने, नोंदी, तपासण्या लागल्या. १९७९ च्या बजेटमध्ये चरणसिंग अर्थमंत्री असताना कच्च्या तंबाखूवरचा हा कर काढून टाकला, आणि मग सगळा भार तयार मालावर गेला.

१९७५ साल मात्र विचार करायला लावणारं आहे. त्याच एका वर्षात संसदेने तंबाखू मंडळाचा कायदा केला, म्हणजे तंबाखूचं पीक आणि निर्यात वाढवायला, आणि सिगारेट कायदाही केला, ज्याने पाकिटावर धूम्रपान आरोग्याला घातक आहे हा इशारा सक्तीचा झाला. एका बाजूला शेतकरी आणि परकीय चलन, दुसऱ्या बाजूला पिणाऱ्याची फुप्फुसं, आणि सरकार दोन्हीकडे. शेतकऱ्याची बाजू खोटी नव्हती हेही सांगायला पाहिजे. निपाणी भागात बिडीच्या तंबाखूला भाव मिळेना म्हणून १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली मोठं आंदोलन झालं, हायवे अडवला गेला, आणि एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. तंबाखूवर काहीही धोरण ठरवताना त्या माणसांना दुसरं पीक आणि दुसरी कमाई काय, हा प्रश्न तेव्हाही होता आणि अजूनही नीट सुटलेला नाहीये.

सार्वजनिक जागी सिगारेट ओढण्यावर पहिला मोठा दणका कोर्टातून आला, आणि तो मुंबईच्या माणसामुळे. काँग्रेसचे मुरली देवरा यांनी सुप्रीम कोर्टात जनहित याचिका केली होती, त्यावर नोव्हेंबर २००१ मध्ये कोर्टाने दवाखाने, शाळा-कॉलेजं, कोर्टाच्या इमारती, सरकारी ऑफिसं, लायब्ररी, ऑडिटोरियम, बस-रेल्वे अशा ठिकाणी धूम्रपान बंद करा असा आदेश दिला. न ओढणाऱ्याने दुसऱ्याचा धूर का गिळायचा, त्याच्या जगण्याच्या हक्काचं काय, हा त्यातला मुद्दा होता. (गोव्याने तर १९९७ मध्येच धूम्रपान आणि थुंकण्यावर स्वतःचा कायदा केला होता.)

कोटपा काय म्हणतो

कलम ४ सार्वजनिक जागी धूम्रपान बंद, दंड २०० रुपयांपर्यंत, याचे कडक नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले. कलम ५ जाहिरातबंदी. कलम ६ म्हणजे १८ वर्षांखालच्या मुलांना विक्री नाही आणि शाळा-कॉलेजच्या १०० यार्डात, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत विक्री नाही. कलम ७ पाकिटावरचे इशारे. ३० किंवा जास्त खोल्यांची हॉटेलं, ३० किंवा जास्त लोक बसतील अशी रेस्टॉरंटं आणि विमानतळ यांना वेगळी स्मोकिंगची जागा ठेवायची सूट आहे. दंडाची रक्कम इतक्या वर्षांत तीच राहिलीये, २०२१ मध्ये केंद्राने वय २१ करायचा आणि सुटी विक्री बंद करायचा मसुदा काढला होता, तो कायदा झाला नाही.

जाहिरातबंदीला वळसा घालायची वाट कंपन्यांनी लवकरच शोधली. तंबाखूची जाहिरात करता येत नाही ना, मग त्याच नावाची, त्याच रंगाची इलायची किंवा पान मसाला काढायचा आणि मोठमोठे सिनेस्टार घेऊन क्रिकेटच्या मॅचमध्ये त्याची जाहिरात दाखवायची. बघणाऱ्या पोरालाही कळतं की विकायचं काय आहे.

पाकिटावरच्या चित्रांची लढाई जास्त मोठी झाली. चित्रं ३१ मे २००९ पासून आली, पण छोटी होती. पुढे दोन्ही बाजूंना ८५ टक्के जागा इशाऱ्याला द्यायची असं ठरलं आणि २०१५ मध्ये ते अडकलं, कारण संसदेच्या एका समितीने थांबा म्हटलं. त्या समितीचे अध्यक्ष होते अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी, आणि त्यांनी जाहीरपणे असं म्हटलं की तंबाखूने कॅन्सर होतो हे दाखवणारा भारतीय अभ्यास नाही, आहेत ते सगळे परदेशी. यावर देशभर संताप झाला आणि तो व्हायलाच हवा होता, कारण टाटा मेमोरियलच्या ओपीडीत तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटची रांग त्या वेळीही मुंबईतच लागत होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत राज्याचे माजी गृहमंत्री आर. आर. आबा पाटील तोंडाच्या कॅन्सरने गेले होते. आणि शरद पवार, जे स्वतः या आजारातून वाचले, तंबाखू-गुटख्याने आपलं काय झालं हे जाहीर सभांमधून सांगत आलेत. अखेर १ एप्रिल २०१६ पासून ८५ टक्के लागू झालं. कर्नाटक हायकोर्टाने डिसेंबर २०१७ मध्ये ते रद्द केलं, पण जानेवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि मोठी चित्रं टिकली.

महाराष्ट्राने यात स्वतःची भर घातलीये. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत कमला मिलमध्ये लागलेल्या आगीत १४ जण गेले, हुक्क्याच्या निखाऱ्यांमुळे ती लागल्याचं सांगितलं गेलं, त्यानंतर २०१८ मध्ये राज्याने कोटपात दुरुस्ती करून हुक्का पार्लरच बंद केले. सप्टेंबर २०२० मध्ये सुटी सिगारेट आणि सुटी बिडी विकायला बंदी आली. यामागचा तर्क सरळ आहे, एकेक सिगारेट विकली की खिशात कमी पैसे असलेल्या पोरालाही ती परवडते आणि पाकिटावरचं चित्र त्याच्या हातात कधी जातच नाही. अंमलबजावणी कितपत होते ते कुठल्याही टपरीवर दिसतं.

गुटखाबंदी

महाराष्ट्राने गुटख्यावर पहिली बंदी २००२ मध्ये आणली, पाच वर्षांसाठी, भेसळ प्रतिबंधक कायद्याखाली. ऑगस्ट २००४ मध्ये सुप्रीम कोर्टाने गोदावत पान मसाला प्रकरणात ती उडवली, म्हणाले की अशी लांब मुदतीची बंदी घालायचा अधिकार त्या कायद्याने राज्याच्या अधिकाऱ्याला दिलेलाच नाही, तो केंद्राचा. गोव्याने २००५ मध्ये स्वतःच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती करून वेगळ्या मार्गाने बंदी आणली.

मग २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आला आणि त्याखालच्या २०११ च्या नियमांत २.३.४ हा एका ओळीचा नियम, की कुठल्याही खाद्यपदार्थात तंबाखू आणि निकोटिन घटक म्हणून वापरायचं नाही. गुटखा हा खाद्यपदार्थ धरला की विषयच संपला. मध्य प्रदेशने एप्रिल २०१२ मध्ये सुरुवात केली आणि जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्राने, पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री आणि महेश झगडे एफडीए (अन्न व औषध प्रशासन) आयुक्त असताना, बंदीचा आदेश काढला. महाराष्ट्राने पान मसालाही धरला, कारण तपासणीत त्यात मॅग्नेशियम कार्बोनेट सापडत होतं, जे पान मसाल्यात घालायला परवानगी नाही. कंपन्या मुंबई हायकोर्टात गेल्या, स्थगिती मिळाली नाही. टाटा मेमोरियलचे डॉ. पंकज चतुर्वेदी आणि त्यांचे पेशंट, ज्यांचे जबडे काढलेले, ते या काळात मंत्र्यांना जाऊन भेटत होते, आणि त्या भेटींचा परिणाम कुठल्याही रिपोर्टपेक्षा जास्त झाला असं मला वाटतं.

आता यातल्या अडचणी. पहिली म्हणजे हा आदेश अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ३० खाली एका वर्षापुरताच काढता येतो, त्यामुळे दरवर्षी नवा आदेश, दरवर्षी नवं गॅझेट. दुसरी म्हणजे कंपन्यांनी गुटखा फोडून दोन पुड्या केल्या, एका पुडीत बिनतंबाखूचा पान मसाला, दुसरीत सुगंधी तंबाखू, आणि गिऱ्हाईक दोन्ही घेऊन तोंडातच गुटखा बनवतो. म्हणून महाराष्ट्राने २०१३ मध्ये सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारी, मावा आणि खर्राही बंदीत घेतला, आणि सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०१६ मध्ये या जोडपुड्यांबाबत राज्यांना कडक पालन करायला सांगितलं. तिसरी अडचण पोलिसांची. अन्नसुरक्षा कायद्यातली कारवाई वेळखाऊ म्हणून पोलीस भादंविची कलमं लावायचे, हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते गुन्हे रद्द केले, पण सप्टेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दोन्ही कायद्यांखाली कारवाई होऊ शकते.

आणि माल? तो येतोच, शेजारच्या राज्यांतून टेम्पोत, ट्रकमध्ये, भाजीच्या क्रेटखाली, पकडल्याच्या बातम्या कायम असतात आणि टपरीवर छापील किमतीच्या वर पैसे मोजून मिळतो. बंदीने काहीच झालं नाही असं मात्र म्हणता येत नाही. दोरीला टांगलेल्या पुड्यांच्या माळा गेल्या, किंमत वाढली, उघड जाहिरात गेली, आणि २००९-१० च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात ३१.४ टक्के असलेला एकूण तंबाखू वापर २०१६-१७ मध्ये २६.६ वर आला, त्यात बंदीचा वाटा किती ते वेगळं काढणं अवघड असलं तरी.

खर्ऱ्याची गोष्ट वेगळी. विदर्भात पानठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घासून समोर बनवून देतात, तिथे ना कंपनी, ना ब्रँड, ना बॅच नंबर. तिथे फक्त छापे टाकून भागत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या सर्च संस्थेने सरकार आणि टाटा ट्रस्टसोबत मुक्तिपथ म्हणून गावागावांतून काम उभं केलं, दारू आणि तंबाखू दोन्हीवर, गावाने स्वतः विक्री बंद करायची असं.

कर

जागतिक आरोग्य संघटना सांगते की किरकोळ किमतीच्या ७५ टक्के तरी कर असावा. भारतात सिगारेटवर तो बरीच वर्षं निम्म्याच्या आसपास होता आणि बिडीवर जेमतेम २२ टक्के.

सिगारेटवर कर लांबीप्रमाणे बसतो, हजार कांड्यांमागे इतके रुपये, जितकी लांब तितका जास्त. त्यामुळे कंपन्यांनी ६४ मिलिमीटरच्या बुटक्या सिगारेटी आणल्या, कमी कराच्या पायरीत बसणाऱ्या. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तंबाखू २८ टक्क्यांत गेला आणि वर भरपाई सेस, जो राज्यांचं नुकसान भरून द्यायला होता. सिगारेटवरचा हा सेस २०१७ नंतर वर्षानुवर्षं तसाच राहिला, २०२० आणि २०२३ च्या बजेटमध्ये आपत्ती निधीचं शुल्क थोडं वाढलं एवढंच, आणि लोकांची कमाई वाढत गेल्याने सिगारेट प्रत्यक्षात परवडायला सोपी होत गेली. सेसची मुदत संपत आल्यावर २०२५ च्या डिसेंबरमध्ये संसदेने दोन कायदे केले आणि १ फेब्रुवारी २०२६ पासून सिगारेट, गुटखा, पान मसाला ४० टक्के जीएसटीत गेले, सिगारेटवर हजारी २,०५० ते ८,५०० रुपये उत्पादन शुल्क आलं, आणि पान मसाल्यावर मशीनच्या क्षमतेवर मोजायचा वेगळा आरोग्य आणि राष्ट्रीय सुरक्षा सेस. मशीनवर मोजायचं कारण म्हणजे पुड्या किती भरल्या हे कागदावर लपवता येतं, मशीन लपवणं त्यामानाने अवघड.

बिडी मात्र २८ वरून १८ टक्क्यांवर आली आणि तेंदूपत्ता ५ वर. आधीही तिच्यावर भरपाई सेस नव्हताच, आणि वर्षाला २० लाखांपेक्षा कमी हातबिड्या बनवणाऱ्याला अबकारीही माफ होती, त्यामुळे मोठे कारखानदार छोट्या नावांत वाटले जायचे. सरकार दर वेळी बिडी कामगारांचं कारण देतं. सोलापूर, सिन्नर, गोंदिया-भंडाऱ्यात हजारो बायका घरी बसून सूप मांडीवर घेऊन बिड्या वळतात, त्यांच्यासाठी १९६६ चा कायदा होता (नोव्हेंबर २०२५ मध्ये तो नव्या कामगार संहितेत गेला), १९७६ पासूनचा कल्याण निधी होता, तो निधी ज्या बिडी सेसवर चालायचा तो सेसच जीएसटी येताना बंद झाला. कर कमी ठेवल्याने त्या बाईची हजारी मजुरी वाढलेली दिसत नाही, आणि बिडी ओढणारा माणूस मुळात गरीब, त्याला दमा आणि कॅन्सर स्वस्तात मिळतो. बिडीवर सिगारेटइतका कर लावा आणि तो पैसा या बायकांच्या दुसऱ्या रोजगारावर खर्च करा, ही मागणी आरोग्याच्या बाजूची माणसं कित्येक वर्षं करतायत.

नुसतं निकोटिन

ई-सिगारेट १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने आणि मग त्याच वर्षीच्या कायद्याने पूर्ण बंद झाली, बनवणं, विकणं, आयात, जाहिरात सगळंच. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख दंड, पुन्हा केला तर तीन वर्षं आणि पाच लाख. साठा केला तरी शिक्षा आहे. व्यसन सोडायला वापरायचा निकोटिनचा च्युइंगम मात्र कायदेशीर आहे, २ मिलिग्रॅमचा चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ चा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. तंबाखू सोडायचा असेल तर १८००-११-२३५६ हा फुकट सरकारी नंबर सप्टेंबर २०१८ पासून प्रत्येक पाकिटावर आणि पुडीवर छापणं बंधनकारक आहे.