लोखंडाचा कीस

स्टील वूलच्या, म्हणजे घासायला-खरवडायला वापरतात त्या बारीक पोलादी तंतूंच्या, गुंडाळीतला एक तंतू चिमट्याने अलगद ओढून काढा आणि चांगल्या भिंगाखाली धरा. तो तारेसारखा गोल आणि गुळगुळीत नसतो. त्याला धारदार कडा असतात, बहुतेक ठिकाणी त्याचा छेद त्रिकोणी असतो, आणि एखादी बाजू ओरबाडल्यासारखी खडबडीत दिसते. स्टील वूल कसं तयार होतं हे या कडाच सांगतात.

नावात ‘वूल’ असलं तरी इथे सूतकताईसारखं काही नसतं, आणि तार ओढून ओढून बारीकही केलेली नसते. ते किसलेलं असतं. सुतार लाकडावर रंधा मारतो तेव्हा कुरळा कीस निघतो ना, तसाच हा पोलादाचा कीस. कच्चा माल म्हणजे साधारण ३ मिलिमीटर जाडीची, कमी कार्बन असलेल्या मऊ पोलादाची तार. ही तार यंत्रातून वेगाने ओढली जाते आणि वाटेत घट्ट बसवलेली, कंगव्यासारखे बारीक दाते असलेली पाती तिला तासत राहतात. प्रत्येक दाता आपल्या रुंदीचा एक लांबलचक धागा काढतो. पुढचं पातं उरलेल्या तारेवर, त्याच्या पुढचं आणखी उरलेल्या तारेवर, असं करता करता गोल तार एका बाजूने झिजत जाते. निघालेले धागे एकत्र येऊन सलग पट्टा बनतो आणि तोच गुंडाळून, कापून बाजारात येतो. पोलाद ठिसूळ असेल तर धागा न निघता भुगा पडतो, म्हणून धातूची निवड इथे पात्याच्या धारेइतकीच महत्त्वाची. तंतूंवर तेलाचा पातळ थर ठेवतात, नाहीतर एवढं बारीक लोखंड दमट हवेत लगेच गंजेल.

(भांडी घासण्याची ती चकचकीत, स्प्रिंगसारखी कुरळी घासणी म्हणजे स्टील वूल नव्हे. ती स्टेनलेस स्टीलच्या चपट्या, वेटोळ्या पट्टीची असते.)

दात्यांचा आकार बदलला की प्रत बदलते. सर्वांत जाड प्रत ४ नंबरची, तिथून उतरत ०, ००, ००० आणि शेवटी ००००. या सर्वांत बारीक प्रतीचा तंतू सुमारे २५ मायक्रॉन जाड असतो, म्हणजे मिलिमीटरचा चाळिसावा भाग. जाड प्रती जुना रंग आणि गंज खरवडायला, मधल्या प्रती लाकूड गुळगुळीत करायला, आणि चार शून्य व्हार्निशच्या दोन हातांमध्ये फिरवायला किंवा पितळ चमकवायला. चार शून्याने खिडकीच्या साध्या काचेवरचे डागही निघतात, कारण मऊ पोलादापेक्षा काच कठीण असते. तरी आधी एका कोपऱ्यात घासून बघावंच.

स्टेनलेस स्टीलवर मात्र साधं स्टील वूल वापरू नये. तुटलेले सूक्ष्म तंतू पृष्ठभागात रुतून बसतात आणि काही दिवसांनी त्यांचे गंजाचे ठिपके उमटतात. लोकांना वाटतं स्टेनलेस गंजलं. खरं तर गंजलेला असतो तो कीस. ओकसारख्या, टॅनिन हे तुरट द्रव्य असलेल्या लाकडात असे तंतू राहिले आणि ओल लागली, की काळे डाग पडतात. हीच अभिक्रिया काही कारागीर मुद्दाम घडवतात. ते व्हिनेगरमध्ये स्टील वूल विरघळवतात, तो द्राव लाकडावर फिरवतात, आणि लाकूड शाईसारखं काळं होतं.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतो तो याचा पेटण्याचा गुण. लोखंड जळतं हे कुणाला सहज पटत नाही. पण हिशेब करून बघा. एक घन सेंटीमीटर पोलादाचा ठोकळा सुमारे ८ ग्रॅम वजनाचा, त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटीमीटर. त्याच पोलादाचा २५ मायक्रॉन जाडीचा तंतू केला तर तो सुमारे २ किलोमीटर लांब होतो आणि पृष्ठभाग जातो १६०० चौरस सेंटीमीटरवर. तंतू गोल धरून काढलेला हा आकडा आहे, कडा धरल्या तर तो वाढेलच. इतक्या जागेवर ऑक्सिजन भिडतो आणि निर्माण झालेली उष्णता वाहून न्यायला आत जाडजूड धातूच नसतो. त्यामुळे ९ व्होल्टच्या बॅटरीची दोन टोकं टेकवली तरी तंतू तापून लाल होतात आणि ठिणगी पुढे पुढे सरकत जाते. ज्वाळा दिसत नाही, कारण ज्वाळेला वाफ किंवा वायू लागतो आणि लोखंड इथे घनरूपातच जळतं. म्हणूनच बॅटरी आणि स्टील वूल एका खणात कधीही ठेवू नका.

जळल्यावर ते तराजूवर ठेवा. वजन वाढलेलं असतं, कारण हवेतला ऑक्सिजन लोखंडाला जोडला गेलेला असतो! १० ग्रॅम लोखंड पूर्णपणे काळ्या ऑक्साइडमध्ये बदललं तर ते १३.८ ग्रॅम भरेल. प्रत्यक्षात सगळं जळत नाही, त्यामुळे वाढ कमी दिसते, पण दिसते. जळताना पदार्थातून काहीतरी निघून जातं ही जुनी समजूत फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने अठराव्या शतकात अशाच वजनांच्या जोरावर मोडून काढली.

आगीशिवायही हे दाखवता येतं. स्टील वूल व्हिनेगरमध्ये बुडवून त्यावरचं तेल घालवा, पिळून ते परीक्षानळीच्या तळाशी दाबून बसवा आणि नळी पाण्याच्या भांड्यात उलटी उभी करा. दुसऱ्या दिवशी पाणी नळीत जवळजवळ एक पंचमांश उंचीपर्यंत चढलेलं असतं आणि तंतू तांबूस झालेले असतात. हवेतला ऑक्सिजन लोखंडाने गिळला, त्याची जागा पाण्याने घेतली.

हे तंतू आता रस्त्यातही गेले आहेत. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठाचे एरिक श्लांगेन यांनी डांबरी मिश्रणात स्टील वूलचे तुकडे मिसळले आणि २०१० मध्ये तिथल्या ए-५८ महामार्गाच्या एका पट्ट्यावर त्याची चाचणी सुरू झाली. रस्त्यावरून इंडक्शनचं, म्हणजे बदलत्या चुंबकीय क्षेत्राने धातू तापवणारं, यंत्र फिरवलं की आतले तंतू तापतात, भोवतालचं डांबर मऊ होऊन वाहतं आणि नजरेला न दिसणाऱ्या भेगा बुजतात.