दुकानात प्रशासक आला की अवसायक?

२००९ सालच्या जानेवारीचा पहिला आठवडा. मी तेव्हा इंग्लंडमध्ये शिकत होतो. गावातल्या वूलवर्थ्समध्ये, म्हणजे स्वस्त किरकोळ सामानाच्या एका जुन्या साखळीच्या दुकानात, शिरलो तर खेळणी, वह्या, कपबश्या सगळं केव्हाच खपलेलं, आणि ज्यावर तो माल मांडलेला असायचा ती फडताळंच आता विकायला काढलेली. लोखंडी आकड्यांना, खरेदीच्या टोपल्यांना, आतल्या खोलीतल्या खुर्चीलासुद्धा हाताने लिहिलेली किमतीची चिठ्ठी. एक म्हातारे गृहस्थ दोन रिकाम्या टोपल्या घेऊन रांगेत उभे होते. मला वाटलं आत जायचेत, पण नाही, त्यांची खरेदी म्हणजे त्या टोपल्याच. संध्याकाळी पुण्याहून मामाचा फोन आला. "काय रे, तुमच्याकडे वूलवर्थ्सचं दिवाळं वाजलं म्हणे?" मी म्हटलं, हो, वाजलं.

उत्तर ढोबळ होतं. त्या दिवशी ती कंपनी 'अ‍ॅडमिनिस्ट्रेशन'मध्ये, म्हणजे प्रशासकाच्या हाती होती, 'लिक्विडेशन'मध्ये, म्हणजे अवसायनात नव्हे. मंदी आली की हे दोन्ही शब्द रोज कानावर पडतात. आपल्याकडच्या बातम्यांत दोन्हींचा अनुवाद 'दिवाळखोरी' असाच होतो, आणि मग दुकान अजून उघडं आहे, विक्री चालू आहे, तरी दिवाळं कसं, हा प्रश्न पडतो.

खरं तर मराठी माणसाला हा फरक ब्रिटिशांपेक्षाही चांगला कळायला हवा, कारण सहकाराने आपल्याला दोन्ही शब्द कधीच शिकवून ठेवलेत. बँकेवर प्रशासक नेमला, हे वाक्य आपण जितक्या वेळा वाचलंय तितक्याच वेळा कारखाना अवसायनात निघाला हेही वाचलंय. ज्याची ठेव अडकली आहे त्याला या दोन वाक्यांतलं अंतर समजावून सांगावं लागत नाही. प्रशासक आला म्हणजे पैसे अडकले. अवसायक आला म्हणजे विम्यातून मिळतील तेवढे आपले, बाकीचं वसुलीवर. पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९मध्ये प्रशासक आला आणि जानेवारी २०२२मध्ये ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३पासून निर्बंध होते, प्रशासकांनी वर्षानुवर्षं गाडा ओढला, पण २०२२मध्ये रिझर्व्ह बँकेने परवाना रद्द केला आणि बँक अवसायनात गेली. सुरुवात सारखी, शेवट निराळे. (आपला प्रशासक निव्वळ गैरकारभारामुळेही येतो. ब्रिटनमधला येतो तो कंपनीला देणी भागवता येत नाहीत म्हणून. एवढा फरक सोडला तर तुलना चालते.)

ब्रिटनमध्ये दोघांच्याही अधिकारांचं मूळ १९८६च्या दिवाळखोरी कायद्यात आहे. प्रशासकाचं आजचं रूप २००२च्या एंटरप्राइझ कायद्याने ठरवलं आणि ते सप्टेंबर २००३पासून लागू आहे. प्रशासकापुढे कायद्याने तीन उद्दिष्टं ठेवली आहेत, तीही उतरत्या क्रमाने. आधी कंपनी जिवंत ठेवता येते का पाहा. ते जमत नसेल तर ताबडतोब मोडून जेवढं मिळेल त्यापेक्षा धनकोंच्या, म्हणजे ज्यांचं येणं आहे त्यांच्या, हाती जास्त पडेल असं काही करा. तेही नसेल, तर निदान तारण असलेल्यांची देणी भागवा. हे चालू असताना कंपनीभोवती एक कुंपण असतं. घरमालक जागा ताब्यात घेऊ शकत नाही, पुरवठादार दावा लावू शकत नाही, बँक जप्ती आणू शकत नाही. कोर्टाची किंवा प्रशासकाची परवानगी असेल तरच.

गंमत म्हणजे आपल्या 'दिवाळं' या शब्दामागेही असंच कुंपण आहे. जुन्या काळी बुडालेला व्यापारी पेढीत भरदिवसा दिवा पेटवून निघून जायचा, आणि आपली मालमत्ता किती आणि त्यातून कोणाला काय देता येईल याचा हिशेब धनकोंपुढे मांडेपर्यंत परतायचा नाही. दिवा जळतोय तोवर 'मागू नका, मोजणी चालू आहे.' म्हणजे मूळ दिवाळं हे अवसायनापेक्षा प्रशासनाच्याच जवळचं. शब्दाचा अर्थ नंतर घसरला.

अवसायकाचं काम याच्या उलट आणि त्यामानाने सरळ. कंपनी जगवायची नाही. जे आहे ते विकायचं, आलेले पैसे कायद्याने ठरवलेल्या रांगेत वाटायचे आणि नाव खोडून टाकायचं. रांगेत पुढे ठरावीक मालमत्तेवर पक्कं तारण असलेले, मग या साऱ्या उठाठेवीचा खर्च, मग कर्मचाऱ्यांचा थकलेला पगार आणि रजेचे पैसे (पगारावर कमाल मर्यादा फक्त ८०० पौंडांची), डिसेंबर २०२०पासून त्यांच्यामागे काही करांसाठी सरकारी कर खातं, मग मालासारख्या बदलत्या मालमत्तेवर तारण असलेल्या बँका. त्यांच्या वाट्यातला थोडा भाग बाजूला काढून ठेवलेला असतो तो विनातारण धनकोंसाठी, आणि हे धनको रांगेच्या पार शेपटाला. पुरवठादार तिथेच, आगाऊ पैसे देऊन सोफा मागवलेलं कुटुंब तिथेच, आणि गिफ्ट कार्ड खिशात असलेले तुम्हीआम्हीही तिथेच.

मग वूलवर्थ्समध्ये प्रशासक होता तर फडताळं का विकली? इथेच सगळे गोंधळतात. प्रशासक आला म्हणजे दुकान वाचणार असं नाही, आणि दुकान मोडलं म्हणजे तो अवसायकच होता असंही नाही. तिसरं उद्दिष्ट पार पाडायचं तर प्रशासकालाही गल्ल्यावर बसून सगळं विकावं लागतं. फरक आहे तो कोणत्या प्रश्नापासून सुरुवात केली याचा.

वूलवर्थ्सचं पहिलं ब्रिटिश दुकान १९०९मध्ये लिव्हरपूलला उघडलं. नोव्हेंबर २००८मध्ये डिलॉइट या हिशेबतपासनीस कंपनीचे लोक प्रशासक म्हणून आले तेव्हा ८०७ दुकानं होती आणि सुमारे २७,००० माणसं कामाला होती. ६ जानेवारी २००९ला शेवटची दुकानं बंद झाली. म्हणजे सहा आठवडे, तेही नाताळच्या गर्दीचे. मंदीला सगळा दोष देणं सोपं आहे, पण पाया आधीच पोखरलेला होता. २००१मध्ये मूळ समूहापासून वेगळं होताना १८२ दुकानांच्या जागा ६१.४ कोटी पौंडांना विकून त्याच जागा पुन्हा भाड्याने घेतल्या गेल्या. घर विकून त्याच घरात भाडेकरू म्हणून राहायचं, अशातली ही गत. विक्री चढती असते तोवर हे पचतं. मंदीत विक्री उतरते, भाडं उतरत नाही.

मंदीने केलेला घाव वेगळाच होता. पुरवठादार उधारीवर माल देतात ते विमा काढून, म्हणजे दुकान बुडालं तर विमा कंपनी भरपाई देते. २००८मध्ये विमा कंपन्यांनी वूलवर्थ्सवरचं संरक्षण आवरतं घेतलं आणि पुरवठादार म्हणाले, आधी रोख, मग माल. उधारीवर चालणाऱ्या धंद्याला हे वाक्य ऐकवलं की खेळ संपलाच. हिल्को नावाच्या कंपनीने दुकानांचा धंदा नाममात्र १ पौंडाला घेण्याची बोलणी केली होती, ती फिसकटली. त्या हिवाळ्यात बँका स्वतःच सरकारच्या दारात उभ्या होत्या. प्रशासकाने गिऱ्हाईक शोधायचं तरी कुठून?

ही पडझड शेजारीही गेली. सीडी-डीव्हीडी विकणाऱ्या झावी या साखळीला माल पुरवणारी कंपनी वूलवर्थ्स समूहाचीच होती. ती बसली, झावीची मांडणी रिकामी होऊ लागली आणि २४ डिसेंबरला झावीही प्रशासकाच्या हाती गेली.

तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये दुकानांचं भाडं वर्षातून चार ठरावीक दिवशी, तीन महिन्यांचं आगाऊ द्यायची रीत आहे. २५ मार्च, २४ जून, २९ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर. कुठली साखळी कधी कोसळणार याचा अंदाज बांधायचा तर हे चार दिवस आर्थिक पाहणी अहवालापेक्षा उपयोगी पडतात. व्हिडिओ गेम विकणाऱ्या गेम समूहाचं उदाहरण तर वकिलीच्या विद्यार्थ्यांना पाठ असतं. २५ मार्च २०१२ला सुमारे १ कोटी पौंडांचं भाडं देय झालं आणि दुसऱ्याच दिवशी, २६ मार्चला, प्रशासक नेमले गेले. तेव्हाच्या निकालांनुसार नेमणुकीच्या आधी देय झालेलं भाडं हे जुनं कर्ज, म्हणजे घरमालक रांगेच्या शेपटाला. प्रशासकांनी दुकानं चालवली, माल विकला, आणि त्या तिमाहीचं भाडं न देता. शेवटी २०१४मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की जागा जितके दिवस वापरली तितक्या दिवसांचं भाडं द्यावंच लागेल. एका दिवसाची ही चलाखी मला आजही अर्धी संतापजनक आणि अर्धी कौतुकाची वाटते.

आता एचएमव्ही, संगीत आणि सिनेमे विकणारी साखळी. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचं त्यांचं पहिलं दुकान १९२१मध्ये संगीतकार एडवर्ड एल्गार यांच्या हस्ते उघडलं होतं. जानेवारी २०१३मध्ये प्रशासक आले, तेही डिलॉइटचेच. पहिल्या दिवसांत त्यांनी गिफ्ट कार्डं घ्यायचं बंद केलं. नाताळला लाखो घरांत ही कार्डं भेट म्हणून गेलेली. ओरड झाली आणि आठवड्याभरात त्यांनी निर्णय फिरवला. प्रशासक असताना हे करता येतं, कारण धंदा पुढे विकायचा असेल तर गिऱ्हाईक तोडून चालत नाही. एप्रिलमध्ये १४१ दुकानं विकत घेतली गेली, आणि घेणारी कंपनी होती हिल्को, जिचं वूलवर्थ्सशी जमलं नव्हतं तीच. मग यावेळी कसं जमलं? माझ्या मते मुख्य कारण पुरवठादारांचं. संगीत आणि सिनेमा कंपन्यांना रस्त्यावरचं हे शेवटचं मोठं दुकान हवंच होतं. वूलवर्थ्स नसलं तर डाव-पळ्या आणि लॉलीपॉप विकायला दुसरी शंभर ठिकाणं होती.

एचएमव्ही २०१८च्या डिसेंबरात पुन्हा प्रशासकाकडे गेली, कॅनडाच्या डग पुटमन यांनी ती घेतली आणि २०२३च्या नोव्हेंबरात ऑक्सफर्ड स्ट्रीटवर पाटी पुन्हा लागली. त्याच पुटमन यांनी २०२३मध्ये विल्कोची दुकानं वाचवायचा प्रयत्न केला. लेस्टरला १९३०मध्ये सुरू झालेली ही घरगुती सामानाची साखळी, ४०० दुकानं, १२,५०० माणसं. सौदा जमला नाही. नाव एकाने ५० लाख पौंडांना घेतलं, काही जागा दुसऱ्यांनी, आणि ऑक्टोबरात शेवटची दुकानं बंद झाली.

बीएचएस या डिपार्टमेंट स्टोअरच्या साखळीत दोन्ही पायऱ्या दिसतात. २०१५मध्ये ही साखळी १ पौंडाला विकली गेली, एप्रिल २०१६मध्ये प्रशासक, ऑगस्टअखेर १६४ही दुकानं बंद, ११,००० नोकऱ्या गेल्या, आणि त्यानंतर अवसायन. पेन्शन निधीत ५७ कोटी पौंडांहून मोठं भगदाड निघालं. आधीचे मालक फिलिप ग्रीन यांनी २०१७मध्ये त्यासाठी ३६.३ कोटी दिले, ते कायद्याच्या रांगेतून नव्हे, तर नियामकांच्या आणि लोकांच्या दबावातून.

आपल्याकडे २०१६च्या दिवाळखोरी संहितेने हेच दोन टप्पे केले आहेत. पहिला तोडग्याचा. १८० दिवस, फार तर ३३०, कुंपण तसंच, पण निर्णय धनकोंच्या समितीच्या हातात. तोडगा निघाला नाही तर दुसरा टप्पा, अवसायन. बिग बाजार ज्यांचं होतं ती मुंबईची फ्यूचर रिटेल जुलै २०२२मध्ये पहिल्या टप्प्यात गेली आणि जुलै २०२४मध्ये न्यायाधिकरणाने अवसायनाचा आदेश दिला. तिथे तर टप्पा सुरू होण्याआधीच बऱ्याच दुकानांच्या जागा रिलायन्सच्या ताब्यात गेल्या होत्या. पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा गल्ला होता, पण गल्ला ठेवायला दुकान नव्हतं.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी एवढं पाहावं: दुकानाच्या बातमीत 'अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' दिसलं आणि घरात त्यांचं कार्ड असलं तर त्याच दिवशी जाऊन वापरा, कारण ते घ्यायचं की नाही हे प्रशासकाच्या मर्जीवर आहे. १०० पौंडांवरची वस्तू क्रेडिट कार्डाने घेतली असेल तर १९७४च्या ग्राहक पतपुरवठा कायद्यानुसार बँकेकडे पैसे मागता येतात, मग दुकानात कोणीही बसलेला असो. माझ्याकडे एका बुडालेल्या साखळीचं २५ पौंडांचं कार्ड आहे. परीक्षा झाल्यावर जाऊ म्हणून ठेवलं होतं. परीक्षा संपली त्या सोमवारी दारावर पाटी होती, आणि तिच्यावर अवसायकाचा पत्ता.

वूलवर्थ्समध्ये मुलांना स्वतःच्या हाताने गोळ्या-चॉकलेटं निवडून पिशवीत भरता यायची. प्रशासकाच्या त्या सहा आठवड्यांत सगळंच विकलं गेलं, तसं लंडनजवळच्या पेट्स वुडच्या दुकानातली शेवटची अशी पिशवीही फेब्रुवारी २००९मध्ये ईबेवर धर्मादाय कामासाठी लिलावात निघाली. गेली साडेचौदा हजार पौंडांना.