पार्श्वभूमी : सुट्टीवरचा फौजी आणि पेन्शनीत आलेला

मराठी ग्रामीण कथेतला फौजी बहुतेकदा सुट्टीवर आलेला असतो. हातात काळी ट्रंक, ट्रंकेत कॅन्टीनची रम. पारावर दोन संध्याकाळी तो गाजवतो, कुणाचं लग्न जमवतो, कुणाची भाऊबंदकी मिटवतो आणि पुढल्या गाडीने निघून जातो. पेन्शनीत आलेला, कायमचा घरी बसलेला, रात्रभर कूस बदलणारा फौजी त्या मानाने क्वचित भेटतो. विदर्भाच्या वाचकाला हे जास्त खटकायला हवं. कामठीची छावणी 1821 पासूनची आहे, पुलगावला दारूगोळ्याचा डेपो आहे, आणि हुद्दा काहीही असो, ज्याला सगळे 'मेजर' म्हणूनच हाक मारतात असा एखादा माणूस आपल्याकडे गावोगाव असतो.

जुने ग्रंथ या बाबतीत अधिक मोकळे होते. शांतिपर्व सुरू होतं तेव्हा युद्ध जिंकून झालेलं असतं आणि जिंकलेला राजाच राज्य नको म्हणून बसलेला असतो. अश्वत्थाम्याला तर घरच उरत नाही. सौप्तिकपर्वातला शाप तीन हजार वर्षं एकट्याने भटकण्याचा. कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत तो सातपुड्यात, असीरगडाच्या बाजूला फिरतो, ही पुढची भर लोकांची. झोपेतल्या पोरांना मारून आलेला हा माणूस लोककथेत क्षमा मागत नाही, वाटीभर तेल मागतो. मला ही भर मूळ शापापेक्षा खोल वाटते.

पानिपताची बातमी आली ती सराफी भाषेत: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. खुर्दा म्हणजे साधे शिपाई. भाऊसाहेबांचा पुढे तोतया निघाला आणि त्या तोतयावर मराठीत नाटकही झालं. खुर्द्यातल्या कुणाचा तोतया निघायचं काही कारणच नव्हतं.

आज ज्याला आपण या विषयाचं साहित्य म्हणून ओळखतो ते पहिल्या महायुद्धातून आलं. 1925 सालच्या एका इंग्रजी कादंबरीत लढाईवरून परतलेला तरुण लंडनच्या बागेत मेलेल्या मित्राशी बोलतो आणि शेवटी डॉक्टर दाराशी आल्यावर खिडकीतून उडी टाकतो. 1929 साली पुस्तकरूपाने आलेल्या जर्मन कादंबरीचा नायक सुट्टीवर घरी येतो. गावातली शहाणी माणसं त्याला बिअर पाजतात आणि लढाई कशी जिंकायची ते त्यालाच शिकवतात. मित्राच्या आईपुढे तो शपथेवर खोटं बोलतो, की तुमचा मुलगा क्षणात गेला, त्याला काही कळलंही नाही. सुट्टीवर यायलाच नको होतं, असं त्याला वाटत राहतं. आपल्या पारावरच्या फौजीशेजारी हा प्रसंग ठेवून पाहावा. सुट्टी तीच, लोकही तसेच. फरक इतकाच, की तिथे लेखक फौजीच्या बाजूला जाऊन बसला आणि आपल्याकडे ऐकणाऱ्यांच्या. ती कादंबरी 1933 साली नाझींनी जाळली.

या साहित्याच्या मुळाशी एका शब्दाचं भांडण आहे. फेब्रुवारी 1915 मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात 'शेल शॉक' हा शब्द छापून आला. जवळ तोफगोळा फुटला की मेंदूला हादरा बसतो, अशी त्यामागची समजूत. पण ज्यांच्या आसपास गोळा पडलाच नव्हता असेही शिपाई थरथरत, मुके होऊन दवाखान्यात येऊ लागले. मग सैन्याने तोड काढली. आजार गोळ्याने झालेला असेल तर कागदावर 'डब्ल्यू', म्हणजे जखमी. बाहीवर जखमेची पट्टी आणि पेन्शनचा हक्क. तसा नसेल तर 'एस', म्हणजे नुसता आजारी. माणूस एकच, हातांचा कंपही तोच. एका अक्षरावर त्याची इभ्रत ठरायची. 1917 मध्ये आघाडीवर हा शब्द वापरायलाच मनाई झाली आणि कार्डावर 'अजून निदान न झालेला, मज्जाविषयक' असा शेरा पडू लागला. 1922 मध्ये सरकारी समितीने हा शब्द मोडीतच काढायची शिफारस केली.

समितीची बाजू अगदीच खोटी नव्हती. शब्द वैद्यकीयदृष्ट्या चुकीचा होताच. पण तो काढला तेव्हा पेन्शनींचा हिशेब चालू होता, ही गोष्ट मला समितीच्या शास्त्रापेक्षा बोलकी वाटते. त्याच युद्धात पळून जाणं, भेकडपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश सैन्याने गोळ्या घातलेल्या 306 जणांना 2006 मध्ये माफी मिळाली. त्यांच्यातल्या काहींवर आधी याच आजाराचे उपचार झालेले होते.

1980 मध्ये अमेरिकी मानसोपचारकांनी या दुखण्याला 'पीटीएसडी' हे आजचं नाव दिलं. मराठीत त्याचं 'आघातोत्तर तणाव विकार' झालं, आणि मराठी शब्दाशी माझं भांडण इथे सुरू होतं. विकार म्हटला की तो माणसाचा होतो. गावात यासाठी 'धसका' आहे. कुणी धसका घेतला म्हटलं की ऐकणारा लगेच विचारतो, कशाचा? कारण त्या शब्दाला जोडूनच येतं.

आणि भारतीय सैन्याच्या पेन्शनीचा सगळा वाद याच 'कशाचा'वर चालतो. आजार सेवेमुळे झाला का, किंवा सेवेमुळे वाढला का, हे मेडिकल बोर्ड ठरवतं. मनाच्या आजारावर 'प्रकृतीतच होता' असा शेरा पडला की बोर्ड आऊट झालेला, म्हणजे आजारापायी सैन्यातून काढलेला जवान अपंगत्वाच्या पेन्शनीला मुकतो. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका जवानाच्या फेफऱ्याच्या प्रकरणात म्हटलं, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेतच जडला असं धरावं, आणि तसं नसल्याचं दाखवायची जबाबदारी जवानावर टाकू नये. म्हणजे 'डब्ल्यू' आणि 'एस'चा झगडा शंभर वर्षांनी आपल्याच भाषेत.

पहिल्या महायुद्धात तेरा लाखांच्या आसपास भारतीय गेले. त्यांची पत्रं सेन्सॉर उघडून वाचत, त्यामुळे काही मजकूर शिल्लक तरी राहिला. 1915 सालची हिंदीतली प्रसिद्ध कथा खंदकात संपते. तिचा जमादार घरी येतच नाही, म्हणून पुढचं काही लिहायची वेळ आली नाही. घरी आलेल्याची गोष्ट 1954 च्या 'अंधायुग' या हिंदी नाटकात सापडते. कौरवांतला युयुत्सू न्यायाच्या, म्हणजे पांडवांच्या बाजूने लढून हस्तिनापुरात परततो, आई त्याला घालूनपाडून बोलते, लोक दारं लावून घेतात, आणि तो जीव देतो.

विदर्भात याला आणखी एक पदर आहे. महारांची पलटण 1917 मध्ये उभी राहिली आणि 1921 मध्ये मोडली. 1941 मध्ये रेजिमेंट पुन्हा उभी राहिली तेव्हा तिची दुसरी बटालियन कामठीत झाली. ज्या घरांना भरती नाकारली जाणं हेच मोठं दुःख होतं, तिथे वर्दी म्हणजे मान आणि पेन्शन म्हणजे पोरांची शाळा. बाप रात्री ओरडत उठतो हे अशा घरातला लेखक आधी कशाला लिहील? त्याच्याकडे लिहायला त्याहून तातडीचं होतं.

1999 नंतर कारगिलचे पोवाडे झाले, चौकांना नावं लागली. शहिदावर लिहिलं जातं, वाचलेल्यावर नाही. आणि त्याच सुमाराला वऱ्हाडातल्या लेखण्या कापूस, कर्ज आणि फवारणीच्या विषाकडे वळल्या. त्यात चूक काहीच नव्हती, फक्त फौजीचं घर हेही पाच एकर कोरडवाहूचंच घर आहे, एवढं निसटलं.

आमच्या भागात रानडुकरं आणि रोही पिकात शिरू नयेत म्हणून रात्री जागल करतात. मचाणावर बसायचं, मधूनमधून डबा वाजवायचा, सुतळी बॉम्ब फोडायचा. जागलीला जायला घरातले सगळेच कां-कू करतात. पेन्शनीत आलेला एखादा माणूस मात्र रोज आपणहून जातो, बॅटरी आणि घोंगडं घेतो, पण बॉम्ब नेत नाही. डबाच वाजवतो. "काहून बाप्पा?" असं विचारलं तर म्हणतो, "मले झोप येत नाही, तुम्ही निजा."