गुलाबांच्या युद्धांतले उमराव सरंजामशाहीतले नव्हेत

गुलाबांच्या युद्धांविषयी, म्हणजे पंधराव्या शतकात इंग्लंडच्या गादीसाठी यॉर्क आणि लँकेस्टर घराण्यांत झालेल्या लढायांविषयी, लिहिताना प्रत्येक उमरावाच्या फौजेला ‘सरंजामी’ म्हणून मोकळे होण्याची सवय इतकी रुळली आहे, की नॉर्मनांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकल्यानंतरचा सरदार आणि १४६१ मधला यॉर्कपक्षीय सरदार एकाच मुशीतले वाटू लागतात. पहिली व्यवस्था वाचकाला पाठच असते: राजाने जमीन द्यायची, सरदाराने ती पुढे वाटायची आणि ती धरणाऱ्याने लष्करी चाकरी करायची. दुसरीला इतिहासकार १८८५ पासून ‘बास्टर्ड फ्यूडलिझम’, म्हणजे अनौरस सरंजामशाही, म्हणतात. हे हिणकस नाव मला मुळीच पसंत नाही, पण ते रूढ झाले आहे.

शस्त्रे, चिलखते, पदव्या यांतला फरक किरकोळ आहे. खरा प्रश्न माणूस धन्याशी कशाने बांधला जाई, हा आहे. सरंजामी नाते जमिनीला चिकटलेले, म्हणून वंशपरंपरेने चालणारे होते. १२९० च्या कायद्याने जमीन विकताना स्वतःच्या हाताखाली नवा पोटधारक निर्माण करण्याची वाट बंद केली, आणि चौदाव्या शतकात उमराव माणसे जोडू लागले ते प्रामुख्याने करारपत्राने. एकाच चर्मपत्रावर मजकूर दोनदा लिहायचा, मधून नागमोडी कापायचा, एक तुकडा धन्याकडे आणि दुसरा अनुयायाकडे ठेवायचा. तंटा झालाच तर दोन्ही कडा जुळतात का, ते पाहायचे. करारात सालिना तनखा आणि युद्धकाळातले वेतन ठरलेले असे, मुदत बहुधा हयातभर असे, आणि मुलावर त्याचे बंधन नसे. लँकेस्टरचा ड्यूक जॉन ऑफ गॉन्ट याच्या पदरी १३८० च्या दशकात असे दीडशेहून अधिक नाइट आणि एस्क्वायर (नाइटच्या खालच्या दर्जाचे कुलीन) होते.

म्हणजे हे सगळे निव्वळ भाडोत्री, असा निष्कर्ष काढणारे दुसऱ्यांदा घसरतात. यॉर्क घराण्यातला राजा चौथा एडवर्ड याचा विश्वासू विल्यम लॉर्ड हेस्टिंग्ज याच्या सुमारे ९० करारबद्ध अनुयायांपैकी रोख तनखा अगदी मोजक्यांना मिळे. बाकीच्यांना हवे असे ते त्याचे पाठबळ: दाव्यात, सोयरिकीत आणि मुख्य म्हणजे नेमणुकीसाठी राजाच्या कानावर शब्द घालण्यात. हेस्टिंग्ज राजाचा चेंबरलेन असल्यामुळे राजाच्या खाजगी दालनात कोणाला प्रवेश मिळावा, हे बऱ्याच अंशी त्याच्या हाती होते. उमरावाची पत अशी राजाच्या मर्जीवर उभी होती, आणि या व्यवस्थेला राजसत्तेची शत्रू ठरवणाऱ्यांना नेमके तेच दिसत नाही.

राजेही या खेळाबाहेर नव्हते. दुसऱ्या रिचर्डने १३९० मध्ये उमरावांनी अनुयायांना ओळखीसाठी वाटायच्या बिल्ल्यांवर निर्बंध घातले, आणि त्याच वर्षी स्वतःच्या पांढऱ्या हरणाचा बिल्ला वाटायला सुरुवात केली. सातव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, १५०७ मध्ये, लॉर्ड बर्गव्हेनी याला बेकायदा माणसे बाळगल्याबद्दल सत्तर हजार पौंडांहून अधिक दंड ठोठावला गेला. पण हेन्रीच्याच १५०४ च्या कायद्यात राजाच्या परवान्याने माणसे बाळगण्याची सोय होती.