पहाटेचे हिम आणि उघडे आकाश

मागच्या आठवड्यात, यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी पारा ४३ अंशांवर असताना, दहावीच्या एका विद्यार्थ्याने मला मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. मनालीजवळच्या ५,२८९ मीटर उंचीच्या फ्रेंडशिप शिखरावर एक गिर्यारोहक वसंतात एकटाच, पायांना स्की (हिमावरून घसरायच्या लांब, अरुंद फळ्या) बांधून, रात्री दोनला चढू लागतो आणि सकाळी दहाच्या आत घसरत खाली येतो. चढताना स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवलेली असते. बैलाच्या पाठीवरून हात शेपटीकडे सहज सरकतो आणि उलट फिरवला की अडतो, तशी ती पट्टी स्कीला पुढे जाऊ देते, मागे घसरू देत नाही. मुलाचा प्रश्न मात्र वेगळा होता : “सर, हा दिवसा काऊन नाही जात?”

याचे उत्तर आपल्या हरभऱ्याच्या शेतातही सापडते. हिवाळ्यात निरभ्र रात्रीनंतर पहाटे उघड्यावरची रोपे दवाने निथळत असतात आणि धुऱ्यावरच्या बाभळीखालची रोपे जवळजवळ कोरडी असतात. प्रत्येक वस्तू अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता बाहेर टाकते. शून्य अंशाचा हिमाचा पृष्ठभाग दर चौरस मीटरला सुमारे ३१५ वॅट टाकतो. बाभूळ किंवा ढग ती उष्णता बरीचशी परत करतात, पण उंचावरचे कोरडे, निरभ्र आकाश फार कमी परत करते. त्यामुळे हवा शून्याच्या थोडी वर असली तरी हिमाचा पृष्ठभाग गोठतो. अलाहाबादेत याच रीतीने, उसाच्या किंवा मक्याच्या वाळलेल्या ताटांवर मातीची उथळ भांडी मांडून, थंडीच्या रात्री बर्फ तयार करत असल्याचे वर्णन ईस्ट इंडिया कंपनीचे सेनाधिकारी रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेपुढे ठेवले होते. कोजागिरीचे उघड्यावरचे दूध गार होण्यातही याचा वाटा असतो. चंद्रकिरणांतून त्यात औषधी गुण उतरतात, हे मुलांना शिकवणे आपण आता थांबवले पाहिजे.

वसंतातले हिम दिवसा वितळते आणि रात्री गोठते. लहान कणाचा पृष्ठभाग अधिक वक्र असल्याने त्याचा वितळणबिंदू किंचित खाली असतो. म्हणून ओल्या थरात बारीक कण आधी विरघळतात, त्यांचे पाणी मोठ्या कणांवर गोठते, आणि काही दिवसांत सगळा थर ज्वारीच्या दाण्यांसारखा गोल, रवाळ होतो. रात्री या दाण्यांमधले पाणी गोठून त्यांना सांधते. मात्र एक ग्रॅम पाणी गोठताना ८० कॅलरी बाहेर पडाव्या लागतात, म्हणून हे काम सावकाश होते आणि एका रात्रीत वरचे थोडेच सेंटिमीटर घट्ट होतात. त्या कवचावर माणूस न रुतता चढतो. ऊन आल्यावर वरचे दोन-तीन सेंटिमीटर मऊ होतात, तेव्हा स्की सुरेख घसरते. पूर्वेकडच्या उतारावर ही वेळ आधी येते, पश्चिमेकडच्या उतारावर उशिरा. पुढे सांधे वितळतात, पाणी खाली झिरपते आणि ३० अंशांहून तीव्र उतारावरचा ओला थर सुटून हिमस्खलन होऊ शकते.

एकट्याचे साहस म्हणून अशा चित्रफितींचा जो गाजावाजा होतो, तो मला मान्य नाही, कारण हिमाखाली गाडल्या गेलेल्या माणसाला वाचवण्याची खरी संधी पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच असते आणि एकट्याला उकरून काढायला जवळ कोणीही नसते. म्हणून रात्री ढग दाटले आणि पहाटे चारला बूट घोट्यापर्यंत रुतू लागला, तर जाणकार माणूस, शिखर समोर दिसत असले तरी, तिथूनच परत फिरतो.