डिजिटल रुग्णमाहिती (खानदेश)

औषधाच्या खोक्यातील घडीचे माहितीपत्रक किंवा दवाखान्यातून घरी जाताना मिळणारा सूचनांचा कागद यांऐवजी तीच माहिती क्यूआर कोड, संकेतस्थळ वा ध्वनिफितीद्वारे मोबाइलवर देण्याची पद्धत. कागद, छपाई आणि वाहतूक वाचवणे हा तिचा उघड हेतू. याशिवाय नवा दुष्परिणाम समजताच मजकूर बदलता येतो. खोक्यात बंद झालेला कागद माल संपेपर्यंत जुनेच सांगत राहतो. जपानने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांची छापील पत्रके ऑगस्ट २०२१ पासून टप्प्याटप्प्याने बंद केली. अर्थात ती मुळात डॉक्टर व औषधविक्रेत्यांसाठीच होती.

भारतात १ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा आहे. त्यात औषधाचे नाव, उत्पादक, बॅच क्रमांक, मुदत, परवाना क्रमांक असा तपशील असतो. बनावट माल ओळखायला तो उपयोगी. गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, हे त्यातून कळत नाही.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या बाजारगावांत छापील पत्रक रुग्णापर्यंत फारसे पोचतच नाही. मेडिकलवाला पट्टीतल्या चार गोळ्या कात्रीने कापतो, कागदी पुडीत घालतो, पुडीवर पेनने १-०-१ लिहितो आणि तोंडी सांगतो. पत्रक खोक्यात राहते, कोडही बहुधा उरलेल्या तुकड्यावर. म्हणजे इथे कागद हटवून फार काही वाचणार नाही. जे कधी मिळालेच नाही, ते पहिल्यांदा देण्याचा हा प्रश्न आहे. तेही प्रमाण मराठीत लिहून भागत नाही. सखल भागात अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा बोली, सातपुड्यात भिली आणि पावरी. तिथे ऐकवलेली सूचना वाचायला दिलेल्या सूचनेपेक्षा कामाची. धडगाव, अक्कलकुव्याच्या काही पाड्यांवर नेटवर्कच नाही, त्यामुळे ध्वनिफीत आरोग्य केंद्रातच मोबाइलवर उतरवून द्यावी लागते.

डिजिटल नोंदीचा खरा लाभ ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांना होऊ शकतो. पडावावर, म्हणजे मजुरांच्या तळावर, केस पेपर भिजतो, हरवतो. आभा या सरकारी डिजिटल आरोग्य खात्याच्या १४ अंकी क्रमांकाला जोडलेली नोंद सुरतेकडच्या दवाखान्यातही रुग्णाच्या संमतीने उघडता येते, मात्र दोन्हीकडच्या दवाखान्यांनी ती भरलेली आणि जोडलेली हवी. घरात फोन एकच असतो आणि पुष्कळदा तो पुरुषाच्या खिशात. गरोदर बाईच्या गोळ्यांची माहिती त्याच फोनवर गेली, तर तो कामावर असेपर्यंत तिला ती मिळत नाही. तिच्यापुरता छापील कागद चालू ठेवणेच बरे.