लिलावात विकणं आणि जाहिरात टाकून विकणं, दोन्हीत गिऱ्हाईक दारात येतं पण दोन्ही एक नाही

परवा सोलापुरातल्या दत्त नगरमधल्या एका ओळखीच्याचा फोन आला, कापड विणायचा माग विकला होता त्यानं. "मालक, माग २३ हजाराला गेला होता, पण नेताना गिऱ्हाईकानं १९च हातावर ठेवले, आता काय करायचं?" मी म्हटलं, गेला होता म्हणजे कसा गेला होता? तर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर लिलाव लावला होता, रविवारी रात्री ९ला बंद केला, शेवटची बोली २३. मग बंद झाल्यावर ४ हजार सोडले कशाला? तर म्हणे, "माणूस दारात आला, वस्तू बघितली, भाव केला, ओएलएक्सवर करतो तसंच की."

हे "तसंच की" मी इतक्या वेळा ऐकलंय की आता राग येतो. शहराच्या पूर्व भागात आमचा कारखाना होता, तो बंद केल्यावर माग, सुताचे बीम, मोटारी, लोखंडी कपाटं असं सगळं एकेक करून विकलं, थोडं जाहिरात टाकून, थोडं लिलावात, आणि तेव्हापासून जड वस्तू विकायची म्हटलं की ओळखीतले लोक मला विचारतात. बहुतेकजण ह्याच एका ठिकाणी पैसे घालवून बसतात. कुरियरनं जाणाऱ्या वस्तूला हा त्रास नाही, कारण तिथं गिऱ्हाईक तुमच्या दारात येतच नाही. त्रास आहे तो "उचल तुमची" म्हणून विकलेल्या वस्तूला, म्हणजे माग, झोपाळा, डबल बेड, पिठाची गिरणी, जे गिऱ्हाईकानं स्वतः टेम्पो आणून न्यायचं असतं.

जाहिरातीचं तुम्हाला सांगायला नको. फोटो टाकायचा, भाव थोडा चढवून लिहायचा, "लास्ट किती" असे पन्नास मेसेज येणार, त्यातला एखादा खरंच येणार, वस्तूला हात लावणार, कमी करा म्हणणार, तुम्ही थोडं सोडणार आणि तिथंच व्यवहार होणार. ठीकच आहे, त्यात काही चूक नाही.

लिलावाचे किरकोळ फरक पटकन सांगतो. जाहिरात महिनोन् महिने राहते, लिलावाला शेवटची वेळ असते. जाहिरातीत भाव वरून खाली येतो, लिलावात खालून वर जातो, म्हणून किमान भाव ठेवायचा असेल तर तो आधीच ठरवून टाका, लिलाव संपल्यावर "इतक्यात परवडत नाही" म्हणू नका. ईबे.इन ही लिलावाची वेबसाइट २०१८ साली बंद झाली, त्यामुळं आता घरगुती वस्तूंचा लिलाव आपल्याकडं बराचसा ग्रुपवरच चालतो आणि नियम तुमचे तुम्हालाच लिहावे लागतात. आणि मेव्हण्याला, मित्राला खोट्या बोल्या लावायला सांगून भाव चढवू नका. वस्तू विक्री कायदा १९३०, कलम ६४, त्यात साफ लिहिलंय की अशी खोटी बोली लावून भाव वाढवला असेल तर घेणारा तो व्यवहार मोडू शकतो. मला ह्या गोष्टीची फार चीड आहे, कारण असे चार लोक ग्रुपमध्ये निघाले की खरे बोली लावणारे निघून जातात.

आता मुख्य गोष्ट. विक्री कधी होते?

जाहिरातीत विक्री दारात होते. लिलावात ती दारात होत नाही, बोली सुटते त्या क्षणी होते, दारात फक्त उचल होते. हेच त्याच कलम ६४ मध्ये आहे, हातोडा पडला की किंवा त्या त्या ठिकाणच्या रीतीप्रमाणे लिलाव संपल्याचं जाहीर झालं की विक्री पूर्ण, आणि ते जाहीर होईपर्यंत बोली लावणारा आपली बोली मागं घेऊ शकतो. म्हणजे माघार घ्यायची वेळ रविवारी रात्री ९च्या आधी होती, गुरुवारी टेम्पो घेऊन आल्यावर नाही. ग्रुपवर हातोडा नसतो म्हणून वेळ झाली की मी स्वतः लिहितो, "लिलाव बंद, अमुक यांना २३ हजाराला सुटला." हा एक मेसेज न टाकणारे लोक पुढं सगळ्यात जास्त भांडतात.

लोक म्हणतात, अहो पण माणूस वस्तू न बघता कसा घेईल, दारात येऊन बघणारच की. बरोबर, बघायलाच पाहिजे, पण कधी? मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव बघितलाय ना? व्यापारी आधी कांदा हातात घेतो, फिरवून बघतो, मग बोली बोलतो. बघणं आधी, बोली नंतर. जाहिरातीत फोन आधी, बघणं नंतर, भाव त्याच्याही नंतर. आपण लिलाव लावतो पण क्रम जाहिरातीचा ठेवतो, पाहणीचा दिवसच देत नाही, मग गिऱ्हाईक उचलीच्या दिवसालाच पाहणीचा दिवस समजतं आणि तिथून सगळा घोळ सुरू होतो. त्यामुळं माझा नियम, लिलाव संपायच्या आदल्या दिवशी दोन तास पाहणी ठेवायची, ज्याला यायचंय त्यानं यावं, माग फिरवून बघावा, आडवं सूत नेणारा धोटा हातात घेऊन बघावा, ज्याला लांबून जमत नाही त्याला व्हिडिओ कॉलवर दाखवायचं, आणि नियमात लिहायचं की वस्तू जशी आहे तशी, जिथं आहे तिथून. सरकारी भंगाराचे ई-लिलाव एमएसटीसी ह्या सरकारी कंपनीच्या वेबसाइटवर होतात, त्यांच्या अटी एकदा वाचा. अनामत आधी, पाहणी आधी, उचलीची मुदत ठरलेली, आणि मुदतीत माल उचलला नाही तर जागेचं भाडं. इतक्या मोठ्या मालाला ते चालतं तर आपल्या एका मागाला का चालू नये?

मग दारात येऊन "मालक, गंज लय आहे, ४ हजार कमी करा" म्हणणाऱ्याला काय सांगायचं? आवाज चढवायचा नाही. मी लिलावात टाकलेले फोटो मोबाईलवर उघडून त्याच्यासमोर धरतो, हा गंज, हा फोटो, ही तारीख, आणि एवढंच म्हणतो, "अण्णा, भाव रविवारी झाला, आज उचल आहे." शंभर रुपयेही सोडत नाही, कारण ते शंभर सोडले की तुम्ही स्वतःच कबूल केलं की भाव अजून उघडा आहे. चहा द्या, पाणी द्या, टेम्पोला दोरी कमी पडली तर आपली द्या. भाव सोडून सगळं द्या.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे बघा. तुम्ही "चालू स्थितीत" लिहिलं होतं आणि मोटार जळकी निघाली, तर गिऱ्हाईक अवघड नाही, तुम्ही चुकलात. वर्णनावरून विकलेली वस्तू वर्णनाप्रमाणे असायलाच पाहिजे, तो न घेता परत जाऊ शकतो, आणि तिथं "जशी आहे तशी"ची ढाल पुढं करणं मला पटत नाही. पैसे परत करा किंवा दोघांनी मिळून नवा भाव लिहून घ्या. फोटोत दिसणारा गंज आणि न सांगितलेली जळकी मोटार ह्यातला फरक ज्याला कळतो त्याची निम्मी भांडणं कमी होतात.

ह्याची दुसरी बाजू विकणारे सोयीनं विसरतात. विक्री बोलीवर झाली म्हणजे ती तुम्हालाही बांधते. सोमवारी कुणीतरी रोख २५ घेऊन आला म्हणून माग त्याला दिला, हे जाहिरातीत चालतं, "आधी येईल त्याचं." लिलावात ती वस्तू आता तुमची राहिलेलीच नसते. वस्तू ठरलेली आहे आणि न्यायला तयार आहे तर पैसे आणि उचल नंतर असली तरी मालकी सौदा झाला तेव्हाच जाते, कलम २०. पण तुम्ही "माग खोलून देतो" असं लिहिलं असेल तर कलम २१ येतं, खोलून होईपर्यंत आणि तसं गिऱ्हाईकाला कळवेपर्यंत मालकी तुमच्याकडंच. आणि साधारणपणे मालकी जिकडं, नुकसानीची जोखीम तिकडं. म्हणून मी खोलून द्यायचं कधी कबूल करत नाही. फिटर तुमचा, पाने तुमचे, हमाल तुमचे, हे लिलावाच्या पहिल्या ओळीत लिहितो, नाहीतर गिऱ्हाईक एकटा ड्रायव्हर घेऊन येतो आणि शेजारच्या कामगारांना हात लावा म्हणतो आणि कुणाच्या पायावर बीम पडला तर?

"उद्या येतो" वाल्याचं वेगळं. हा भाव पाडत नाही, फक्त येत नाही. आज गाडी मिळाली नाही, उद्या पाहुणे, परवा अमावस्या. ह्याच्यावर चिडून फोन करत बसू नका, लेखी मेसेज टाका, माल तयार आहे, अमुक तारखेपर्यंत घेऊन जा. वस्तू विक्री कायद्यात कलम ४४ आहे, तुम्ही द्यायला तयार आहात, न्या म्हणून कळवलंय आणि वाजवी वेळेत तो नेत नाही, तर झालेलं नुकसान आणि वस्तू सांभाळायचा वाजवी खर्च त्याच्याकडून मागता येतो. पण "कळवलंय" हा शब्द महत्त्वाचा, नुसतं मनात धरून बसलात तर उपयोग नाही. मी ७ दिवस देतो, त्यानंतर दिवसाला ठरलेलं भाडं, आणि हे सगळं लिलावाच्या आधी लिहिलेलं असतं, नंतर सुचलेलं नसतं. तारीख देताना आपल्याकडचंही बघा, पाणी येण्याच्या दिवशी गल्लीत टेम्पो बोलवू नका, जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत गावातून गाडी काढायच्या भानगडीत पडू नका, आणि मे महिन्यात सकाळी ८ची वेळ द्या, दुपारी त्या उन्हात हमाल लोखंडाला हात लावत नाही आणि लावूही नये.

त्यानं पैसेच दिले नाहीत तर? इथं लोक परत घाई करतात, दुसऱ्या नंबरच्या बोलीवाल्याला फोन करून "आता तुम्हाला घ्यावंच लागेल" म्हणतात. का घ्यावं लागेल? त्याच्यावर वरची बोली आली तेव्हाच त्याची बोली संपली. त्याला नव्यानं विचारायचं, नको म्हणाला तर विषय संपला. आणि त्याच्याही आधी पहिल्याला लेखी कळवायचं की अमुक दिवसांत पैसे आले नाहीत तर मी वस्तू दुसऱ्याला विकणार. हे कलम ५४ मधलं फार थोड्यांना माहीत असतं. न कळवता परत विकलीत आणि कमी पैसे आले तर तो तोटा पहिल्याकडून मागता येत नाही, उलट जास्त पैसे आले तर तो वरचा नफा पहिल्याचा. कळवायला दोन मिनिटं लागतात.

पैशांबद्दल माझं मत पक्कं आहे. बोली सुटल्यावर २४ तासांत २० टक्के इसार, बाकी सगळे उचलीच्या आधी खात्यात. टेम्पोत वस्तू चढल्यावर पैसे ही पद्धत मला मान्य नाही, कारण माग एकदा वर चढला की तो उतरवायला परत चार माणसं लागतात आणि गिऱ्हाईकाला ते माहीत असतं, भाव पाडायची खरी वेळ तो तीच धरतो. पैसे आले की नाही हे आपल्या बँकेच्या ॲपमध्ये बघायचं, त्याच्या मोबाईलवरचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. आणि कुणी म्हणालं की पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका, तर फोन ठेवा. यूपीआयचा पिन पैसे घ्यायला कधीच लागत नाही, द्यायलाच लागतो. फसलात तर लगेच १९३०ला फोन करा, तो सायबर फसवणुकीचा नंबर आहे.

घेणारा स्वतः न येता नुसता टेम्पोवाला पाठवतो, हेही आता फार वाढलंय. पैसे पूर्ण आल्यावर मी घेणाऱ्याला एक चार आकडी नंबर पाठवतो, टेम्पोवाल्यानं तो सांगितला तरच वस्तू द्यायची, आणि गाडीचा नंबर दिसेल असा भरलेल्या टेम्पोचा फोटो लगेच घेणाऱ्याला टाकायचा. टेम्पोवाला भाव करायला लागला तर त्याच्याशी बोलूच नका, तो सौद्यात नाही.

दत्त नगरच्या त्या भावाला मी खरं तेच सांगितलं. १९ घेऊन माग स्वतःच्या हातानं गाडीत चढवून दिला म्हणजे नवा भाव कबूल केला, ते ४ हजार आता विसरा. त्याच्याकडं अजून एक माग आहे. त्याचा लिलाव येत्या रविवारी रात्री ९ला बंद होणार, पाहणी शनिवारी ४ ते ६, अटी आम्ही दोघांनी काल बसून लिहिल्या आणि ग्रुपवर टाकल्या. शनिवारी मी तिथं जाऊन बसणार आहे.